परसबाग : वाफा उचलला, पण पाण्याचं काय?

पावसाला आपल्याकडे घरच्या माणसांची नावं दिलेली आहेत. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. सासूंचा जास्त की सुनांचा, यावर आमच्या गल्लीतल्या ओट्यावर दरवर्षी एकदा तरी वाद रंगतो. 2024 साली मात्र वादाला जागाच उरली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात जो पाऊस कोसळला, तो सुनांचा! शेतंच्या शेतं पाण्याखाली गेलेली तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिली असतील. आमच्या बोरीतल्या परसात काय झालं ते मात्र कुठे छापून आलं नाही. माझे गादीवाफे छान कोरडे राहिले आणि शेजारच्या मावशींची भिंत खचायला आली. दोन्ही गोष्टींचं कारण एकच होतं, आणि ते कारण म्हणजे मी!

ती हकिगत सांगतेच. पण आधी तुमच्या पत्रांविषयी. मागे या सदरात गादीवाफ्यांबद्दल ओझरतं लिहिलं होतं, तेव्हापासून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. "ताई, तुम्ही सांगितलं तसा वाफा चांगला फूटभर उचलला, तरी पाणी साचतंच. रोपं पिवळी पडतात आणि बसतात." खरं सांगू? तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. अर्धंच सांगितलं ते मी. वाफा उचलावा हे सांगितलं, वाफ्यावरून उतरलेलं पाणी जाणार कुठे हे सांगायचं राहूनच गेलं.

बोरी म्हणजे परभणीहून जिंतूरला जाताना लागणारं आमचं गाव. ज्यांनी हा रस्ता पाहिला आहे त्यांना इथली माती सांगायला नको. काळी, कसदार, कापूस आणि सोयाबीन पिकवणारी. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी, पण परसात भाजी लावणाऱ्या बाईची ती परीक्षाच पाहते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती इतकी बारीक असते की पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात तीच जमीन भाकरीच्या पिठासारखी चिकट होते. एकदा का भेगा मिटल्या की वरचं पाणी खाली जायला वाटच उरत नाही. आमच्याकडे त्याला जमीन चिबडली म्हणतात.

या भेगांनी मला पहिल्या वर्षी चांगलंच फसवलं. कुणीतरी सांगितलं होतं, की वाफा करायच्या आधी फूटभर खोल खड्डा खणून त्यात पाणी ओतून पाहा, तासाभरात किती उतरतं ते बघा. मी एप्रिलमध्ये ओतलं. बादलीच्या बादली गडप! मला वाटलं, काय सुरेख निचरा आहे आपल्या जमिनीचा. ते पाणी मातीतून नव्हे, भेगांतून पसार झालं होतं. तोच खड्डा श्रावणात भरला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात बेडूक दिसला असता. तेव्हा काळ्या जमिनीच्या मैत्रिणींनो, ही परीक्षा दोन-चार चांगले पाऊस झाल्यावरच घ्यायची. खड्डा एकदा भरून जिरू द्यायचा, दुसऱ्यांदा भरायचा आणि मग काठी उभी धरून मोजायचं. तासाला इंचभरसुद्धा पाणी उतरलं नाही तर समजावं, की खालच्या जमिनीच्या भरवशावर राहायचं नाही. पाणी बाजूनेच काढावं लागणार.

तर त्या वर्षी मी काय केलं, ऐका. परसात घराला लागून विटांचा चौकोन बांधून घेतला. आत-बाहेर सिमेंटचा गिलावा. दिसायला असा देखणा की येणारी-जाणारी पाहून जाई. तळाशी निचऱ्यासाठी म्हणून चार बोटं खडी, तिच्यावर काळी माती आणि शेणखत. टोमॅटो लावले, मिरची लावली. सासूबाई म्हणाल्या, "हे हौद बांधलंय का वाफा?" मी हसण्यावारी नेलं. पुष्याच्या झडीत त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पाणी आत पडत होतं आणि बाहेर जायला एक भोक नव्हतं.

त्यात गंमत अशी, की रोपं सुकल्यासारखी माना टाकायची. पाऊस जरा थांबला, ऊन पडलं की पानं मलूल. मी समजले तहानली आहेत! आणि वरून तांब्या-तांब्या पाणी. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, ती जागा पाण्याने भरली की मुळं गुदमरतात. प्राणवायू हवेतून जितक्या सहज पसरतो, त्याच्या दहा हजारपट हळू तो साचल्या पाण्यातून पसरतो. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून रोप पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं. खुरप्यानं थोडी माती उकरून हुंगून पाहा. सडक्या अंड्यासारखा वास आला, माती काळी सोडून निळसर-करडी दिसली, तर पाणी घालायचं नाही, काढायचं.

आता त्या खडीविषयी. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा होतो, ही समजूत आपल्या सगळ्यांच्या मनात इतकी पक्की बसली आहे की माझ्या सांगण्यानं ती जाणार नाही. म्हणून स्वयंपाकघरातच एक प्रयोग करून पाहा. भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्या, पाण्यात चिंब भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी गळायचं थांबेपर्यंत थांबा. थांबलं? आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागते ना? स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. बारीक मातीसुद्धा स्पंजासारखीच तळाशी पाणी धरून ठेवते, आणि खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत ते सहजासहजी सोडत नाही. वरची माती पूर्ण चिंब होईपर्यंत खडी कोरडीच राहते. म्हणजे खडीनं निचरा होत नाहीच, उलट चार बोटं मातीची उंची मात्र कमी होते. स्पंज आडवा केल्यासारखंच झालं. ती खडी मी शेवटी तुळशीवृंदावनाभोवती पसरली, तिथे ती शोभते.

वाळूचंही तसंच. काळ्या मातीत दोन घमेली वाळू मिसळून ती हलकी होत नाही. निम्म्याहून जास्त वाळू घालावी तेव्हा कुठे फरक पडायचा, आणि तेवढी वाळू आजच्या भावानं आणायची म्हणजे भाजी बाजारातून आणलेली परवडते. काळ्या मातीला खरं औषध एकच, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत. चिकट कण त्यानं एकमेकांना धरून रवाळ होतात. दरवर्षी द्यावं लागतं, कारण ते जिरून जातं आणि वाफा दबतो. आणि हो, वाफ्याची माती घालण्याआधी खालची जमीन टिकावानं वीतभर खणून सैल करा. चेपलेल्या अंगणावर नुसता मातीचा ढीग घातला तर खालचा भाग फरशीसारखाच राहतो.

दुसऱ्या वर्षी विटांचा हौद फोडला. (गवंड्याच्या मजुरीचे पैसे गेले ते गेलेच, ह्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही, फक्त फोडताना घण स्वतः हातात घेतला.) या खेपेला नीट माहिती घेऊन वाफे केले. माहिती लांबून आणायची गरजच नव्हती. परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथले लोक सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी पद्धत सांगतात, म्हणजे रुंद, सपाट वरंब्यावर पीक आणि दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायला सऱ्या. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिथे सत्तरच्या दशकात काळ्या जमिनीवर याचे प्रयोग झाले होते. वसमतकडची हळद पाहा. 1999 च्या आधी वसमतही आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. तिथल्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हळदही आता बरेच जण गादीवाफ्यावर लावतात, कारण कंद पाण्यात राहिला की कुजतो. थोडक्यात, आपले शेतकरी शेतात करतात तेच आपण परसात हातरुमालाएवढ्या जागेत करायचं.

माझे नवे वाफे तीन फूट रुंद, दहा फूट लांब. तीन फूट एवढ्यासाठी, की दोन्ही बाजूंनी बसून मधल्या रोपापर्यंत हात पोचावा आणि वाफ्यावर कधी पाय द्यावा लागू नये. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की तिथली हवा गेलीच. उंची सव्वा फूट ठेवली, म्हणजे दबून फूटभर राहते. माथा अगदी सपाट नको, कासवाच्या पाठीसारखा मध्ये जरासा उंच, म्हणजे वर डबकं होत नाही. कडेला सिमेंट न लावता नुसते दगड रचले. फटींतून पाणी पाझरतं. ज्यांचे विटांचे वाफे आधीच पक्के बांधलेले आहेत त्यांनी फोडायची घाई करू नये, खालच्या थरातली एकेक वीट हातभर अंतरानं काढून घेतली तरी काम भागतं. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची सरी. आणि वाफे घराच्या भिंतीपासून चांगले चार हात दूर. भिंतीला लागून ओली माती म्हणजे ओल आणि वाळवी दोन्हींना आमंत्रण.

रोपं कशी तरारली म्हणून सांगू! त्या वर्षी मिरच्या इतक्या झाल्या की सांडगी मिरचीच्या बरण्या माहेरी पाठवल्या.

इथपर्यंत सगळं छान. पण सरी काढताना मी उतार पाहिला तो फक्त माझ्या परसापुरता. आमचं परस मागच्या बाजूला उतरतं, म्हणून सऱ्यांची तोंडं मागे काढली. मागे काय आहे? कुडाचं कुंपण. कुंपणापलीकडे? मावशींच्या घराची भिंत. खाली दगडाचं जोतं आणि वर जुन्या काळची मातीची भिंत. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही, म्हणजे मला काही दिसलं नाही. मावशींना दिसत होतं. जोत्याशी ओल चढलेली त्यांनी एकदा दाखवलीही, "सूनबाई, इकडं पाणी येतंय गं थोडं," एवढंच म्हणाल्या. मी म्हणाले, "मावशी, पावसाळाच आहे." असं उत्तर आपण किती सहज देतो, नाही?

मग तो सुनांचा पाऊस आला. पहिली रात्र कशीबशी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींच्या नातीनं हाक मारली, म्हणून गेले. आतल्या बाजूनं भिंतीचे पोपडे पडून खाली चिखलाचा ढीग झाला होता आणि भिंत मध्यभागी अशी फुगली होती की पाहताच पोटात गोळा आला. त्याच भिंतीला लागून आजी-नातीचं अंथरूण असायचं. मावशी रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, तुझी भाजी वर उचललीस, आन् पाणी माझ्या भितीला सोडलंस."

आम्ही दोघींना आमच्या घरी आणलं. ह्यांनी आणि मावशींच्या पुतण्यानं भर पावसात भिंतीला आतून लाकडाचे टेके दिले. मी खोरं घेऊन माझ्या सऱ्यांची तोंडं मातीनं बुजवली. बुजवल्यावर अर्ध्या तासात माझ्या सऱ्या भरल्या आणि वाफे पाण्यात बसायला लागले. मिरची गेली, लावलेली दोन पपईची झाडं गेली. पपईच्या बुडाशी दीड-दोन दिवस पाणी उभं राहिलं तरी तिचं मूळ कुजतं. गेली तर गेली. भिंत राहिली, हे महत्त्वाचं. खालचा भाग पुढे दिवाळीनंतर दगडात बांधून घेतला, खर्च अर्थातच आम्ही केला, आणि त्याबद्दल मावशींनी पहिल्यांदा नको म्हटलं आणि दुसऱ्यांदा घेतला, हे त्यांचं मोठेपण.

पाऊस ओसरल्यावर मी आणि ह्यांनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. म्हणजे पाणी कुठून येतं आणि कुठवर जातं, ते पायी चालत पाहिलं. तुम्हीही पाहा. पाऊस पडत असताना छत्री घेऊन पंधरा मिनिटं आपल्याच परसात फिरलात तर दहा पुस्तकं वाचून कळणार नाही ते कळेल.

आम्हाला पहिली गोष्ट कळली ती पत्र्याची. आमच्या मागच्या पडवीचा पत्रा वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. त्यावर दोन इंच पाऊस पडला तर हिशेब येतो सुमारे चौदाशे लिटरचा! पंधरा लिटरची घागर धरली तर नव्वदच्या वर घागरी. आणि माझ्या एका वाफ्यावर तेवढ्याच पावसात स्वतःचं पाणी पडतं जेमतेम एकशेचाळीस लिटर. म्हणजे मी ज्याला वाफ्याचं पाणी समजत होते ते बहुतेक पत्र्याचं पागोळ्यांनी उतरून सऱ्यांत शिरलेलं पाणी होतं. पत्र्याला पन्हाळ लावली, तिला पाइप जोडला. आता ते पाणी पिंपात पडतं आणि पिंप भरलं की पुढच्या दाराकडे निघून जातं. नुसतं एवढं केल्यावर परसातली दलदल निम्मी झाली. माझं ऐकाल तर वाफे उचलण्याआधी पन्हाळ लावा. पैसे तेवढेच लागतात आणि पिंपातलं पाणी धुण्याभांड्यांनाही होतं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. गावोगाव सिमेंटचे रस्ते झाले, एकावर एक थर चढले आणि आपली अंगणं खाली राहिली. पूर्वी अंगणातलं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्याचं अंगणात येतं. आमचंही तसंच. म्हणून मागचं पाणी पुढे वळवायचं तर उतार मिळेल का, हा मोठा प्रश्न होता. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणा, तिच्यात पाणी भरा, एक टोक इकडे एक टोक तिकडे धरा. दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीत राहतं, तिथून खाली मोजलं की जमीन किती उतरते ते कळतं. नळीत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर माप चुकतं. दहा फुटांना एक इंच उतार मिळाला तरी पाणी चालतं. फार जास्त उतारही नको, माती वाहून जाते. आम्हाला परसाच्या उजव्या कडेनं, न्हाणीच्या मागून, गल्लीतल्या नालीपर्यंत उतार सापडला. सगळ्यांत अवघड जागी सरी वीतभर जास्त खोल करावी लागली, तिथे दोन्ही बाजूंनी दगड लावले. जुन्या सऱ्यांची मागची तोंडं कायमची बंद करून कुंपणालगत मातीचा बांध घातला. आता मुसळधार पाऊस आला की मी आधी मावशींच्या बाजूला जाऊन जोतं पाहते, मग माझे वाफे.

काहीजणी विचारतात, नाली लांब असेल तर शोषखड्डा चालेल का? नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव घरोघर शोषखड्डे करून डासमुक्त झालं, त्याचं नाव सगळीकडे झालं. पण ते खड्डे मोरीच्या सांडपाण्यासाठी. रोजच्या दहा-वीस बादल्या त्यात जिरतात. झडीचं पाणी त्यात सोडलं आणि खाली मुरूम न लागता काळी मातीच असली तर तो खड्डा तासाभरात विहिरीसारखा भरतो. मोरीला शोषखड्डा जरूर करा, वाफ्यांच्या पाण्याला वाट मात्र उताराचीच हवी.

आणि जिथे उतार काही केल्या मिळतच नाही, अशी एखादी खोलगट जागा प्रत्येक परसात असतेच. तिच्याशी भांडू नका. तिथे अळू लावा, कर्दळ लावा. अळूला ओल आवडते. मेक्सिको शहराजवळ सोचिमिल्को म्हणून ठिकाण आहे, तिथे शेकडो वर्षांपासून लोक उथळ तळ्यात उंच वाफे करून भाजी पिकवत आले आहेत. आजूबाजूला सगळं पाणी, आणि तरी पिकं बुडत नाहीत, कारण प्रत्येक वाफ्याभोवती पाण्याचा कालवा आधीपासून मोकळा ठेवलेला. आपल्या परसात कालवा नको, पण सखल कोपरा अळूला देऊन टाकला तर वरचे वाफे सुटतात.

एवढं करूनही एखाद्या पावसात वाफा बुडालाच, तर धांदल करू नका. प्रथम सरी मोकळी करा. सरीत अडकलेला पालापाचोळा हेच बहुधा कारण असतं. मग थांबा. ओल्या मातीत खुरपं घालायचा मोह फार होतो, पण काळी माती ओली असताना हलवली तर तिची ढेकळं होतात आणि ती उन्हात विटेसारखी कडक होतात. वाफसा येऊ द्या. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला वाफसा शिकवावा लागत नाही, पण शहरात वाढलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. वाफ्यातली मूठभर माती घ्या, लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाका. चपटा होऊन बसला, तर अजून ओल जास्त आहे. पडताच फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला. लाडू वळलाच नाही, तर उशीर झाला, आता आधी थोडं पाणी द्या. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशा स्थितीला आपल्या भाषेत किती नेमका शब्द आहे हा!

वाफसा आल्यावर दोन बोटं खोल हलकी खुरपणी करा, उघड्या पडलेल्या मुळांना माती लावा, कुजलेली पानं काढून टाका. पिवळी पानं पाहून लगेच युरिया फेकू नका. साचल्या पाण्यात त्यातलं बरंचसं नत्र वायू होऊन उडून जातं, आणि गुदमरलेल्या मुळांना ते घेताही येत नाही. मुळांना हवा लागली की पुष्कळदा आठ-दहा दिवसांत नवी पालवी आपोआप हिरवी येते. जे रोप बुडाशी काळं पडून मऊ झालं असेल ते मात्र उपटून टाका, शेजारच्या रोपाला बुरशी लागेल.

या वर्षी उजव्या बाजूच्या सरीच्या तोंडाशी, जिथे पाणी जरा रेंगाळतं, तिथे मी अळू लावलं आहे. पानं हातभर झाली आहेत. कुंपणापलीकडून मावशींची हाक येते, "सूनबाई, दोन पानं दे गं, वड्या करते." वड्या अर्थात अर्ध्या इकडे येतात.

हस्ताचा पाऊस सरला की वाफ्यांवर मेथी आणि कोथिंबीर पेरायची आहे. धणे आख्खे पेरू नका, लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि लाडू फुटतोय का ते पाहूनच पेरा.